सेंट वर्कमध्ये टायटल नेमकं कसं मिळतं? नव्याने उतरणाऱ्यांसाठी

"पहिला नंबर आला, म्हणजे टायटल मिळालं ना?" अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी कुणी आपल्या कुत्र्याला सेंट वर्कला, म्हणजे लपवलेला वास हुडकण्याच्या खेळाला, घातलं, की थोड्याच दिवसांत हा प्रश्न येतो. उत्तर आहे, नाही. उलट त्याच वर्गात सगळ्यात जास्त वेळ लावलेल्या कुत्र्याचं टायटल त्या दिवशी पूर्ण झालेलं असू शकतं. नंबर एका दिवसाचा असतो, टायटल, म्हणजे कुत्र्याच्या नावामागे लागणारी पदवी, साठत जातं. हे एकदा नीट बसलं की पुढचा गोंधळ बराच कमी होतो.

या लेखात अमेरिकन केनेल क्लबच्या, म्हणजे एकेसीच्या, सेंट वर्कबद्दल लिहितो आहे, कारण आमची स्वारी त्यातच धावते. दुसऱ्या एका मोठ्या संस्थेची पद्धत वेगळी आहे, तिच्याबद्दलही मध्ये येईल.

खेळ थोडक्यात असा. कापूस लावलेल्या काडीला विशिष्ट सुगंधी तेलाचा वास दिलेला असतो आणि ती काडी कुठेतरी लपवलेली असते. त्या लपवलेल्या वासाला सगळे हाइड म्हणतात. कुत्रा तो शोधतो, तुम्ही त्याची देहबोली वाचून "अलर्ट" असं मोठ्याने म्हणता, परीक्षक "येस" किंवा "नो" म्हणतात. मैदानात एका वेळी एकच कुत्रा असतो, त्यामुळे इतर कुत्र्यांवर भुंकणारे, भित्रे, म्हातारे, तीन पायांचे असे सगळे यात रमतात. हा खेळ पोलीस आणि सैन्याच्या श्वानपथकांच्या कामातून आला. रॉन गॉन्ट, एमी हेरॉट आणि जिल मरी ओब्रायन या तिघा प्रशिक्षकांनी २००६ च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियात घरगुती कुत्र्यांसाठी तो उभा केला. एकेसीने आपली स्पर्धा २०१७ मध्ये सुरू केली. १९९३ च्या मुंबईत झंजीर नावाच्या लॅब्रॅडॉरने आरडीएक्स शोधून काढलं होतं, ते आपल्याकडे अजून लोकांना आठवतं. नाकाचं तंत्र तेच, इथे फक्त जिवावरची जबाबदारी नसते.

१. आधी कुत्र्याचा नंबर काढा

एकेसीचा नोंदणी क्रमांक नसेल तर प्रवेशिकाच स्वीकारत नाहीत. शुद्ध जातीचा, कागदपत्रं असलेला कुत्रा असेल तर क्रमांक बहुधा ब्रीडरकडूनच आलेला असतो. जात मान्यताप्राप्त आहे पण कागद नाहीत, अशांसाठी पीएएल नावाची नोंदणी आहे. तिला निर्बीजीकरणाची अट आहे. बाकी सगळ्यांसाठी केनाइन पार्टनर्स.

भारतातून आणलेला आपला गावठी कुत्रा या केनाइन पार्टनर्समध्ये बसतो. "इंडी म्हणजे प्राचीन जात आहे" हे आपलं म्हणणं कितीही खरं असलं तरी एकेसीच्या जातींच्या यादीत ती नाही, तेव्हा वाद घालण्यात वेळ न घालवता अर्ज भरा. टायटलं तीच मिळतात. अर्जाच्या अटी ऑनलाइन फॉर्मवरच असतात, त्या पूर्ण वाचा. नोंदणीकृत नाव निवडतानाही जरा विचार करा, कारण टायटलची अक्षरं याच नावामागे लागणार आहेत आणि प्रमाणपत्रावर हेच छापून येणार आहे. स्पेलिंग असं ठेवा की इथल्या माणसाला नाव वाचता येईल.

वयाची अट सहा महिने पूर्ण.

२. टायटलचं गणित (हे सगळ्यात महत्त्वाचं)

इथे दमाने वाचा. ओडर सर्च या मुख्य विभागात चार घटक आहेत:

- कंटेनर: एकसारख्या खोक्यांमधलं वासाचं खोकं ओळखायचं. नॉव्हिसला दहा खोकी असतात, वेळ दोन मिनिटं.
- इंटीरियर: वर्गखोली, कार्यालय, गोदाम अशा बंद जागा.
- एक्स्टीरियर: मोकळं आवार, बाकडी, कुंपण, झाडं.
- बरीड: पुरलेला वास. नॉव्हिसला तो वाळू भरलेल्या डब्यांत असतो, वरच्या पातळ्यांवर थेट जमिनीत.

यातल्या प्रत्येक घटकाला नॉव्हिस, अ‍ॅडव्हान्स्ड, एक्सलंट आणि मास्टर अशा चार पातळ्या आहेत. म्हणजे शिडी एक नाही, चार शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि प्रत्येकीवर कुत्रा आपापल्या वेगाने चढतो. कंटेनरला अ‍ॅडव्हान्स्डमध्ये आणि इंटीरियरला अजून नॉव्हिसमध्ये, असं अगदी सर्रास असतं. त्यात काहीही गैर नाही. नवीन लोक "आमचा अजून नॉव्हिसच" म्हणून सगळ्या घटकांत थांबून राहतात, त्याची गरज नसते.

वेळेत, नियमात राहून सगळे हाइड सापडले की त्या फेरीला क्वालिफाय मिळतं. सगळे त्याला नुसतं "क्यू" म्हणतात, जुनी मंडळी "लेग" म्हणतात. एका घटकात, एका पातळीवर तीन क्यू झाले की त्या घटकाचं टायटल. हा तीनचा हिशोब नॉव्हिस, अ‍ॅडव्हान्स्ड आणि एक्सलंटला लागू आहे. कंटेनर नॉव्हिसचं टायटल एससीएन, इंटीरियरचं एसआयएन, एक्स्टीरियरचं एसईएन, बरीडचं एसबीएन. तीन क्यू सलग किंवा एकाच शनिवार-रविवारी मिळायला हवेत असं नाही. मध्ये काही महिने गेले तरी चालतं.

मग एसडब्ल्यूएन म्हणजे काय? हे एकत्रित टायटल आहे. चारही घटकांची नॉव्हिस टायटलं हातात आली की ते आपोआप मिळतं. तीन गुणिले चार, म्हणजे बारा क्यू. वरच्या पातळ्यांवर याच रीतीने एसडब्ल्यूए, एसडब्ल्यूई आणि एसडब्ल्यूएम.

आता यातला सापळा. बऱ्याच क्लबांना बरीड भरवणं जिकिरीचं वाटतं: वाळू आणा, डबे भरा, वास असलेली आणि नसलेली वाळू वेगळी ठेवा. त्यामुळे बरीडचे वर्ग इतरांपेक्षा कमी दिसतात. परिणामी कित्येक कुत्र्यांची तीन टायटलं पूर्ण होतात आणि एसडब्ल्यूएन मात्र लटकतं. एकत्रित टायटल हवं असेल तर पहिल्या दिवसापासून बरीडचा वर्ग दिसला की आधी तो भरा, कंटेनर पुढच्या आठवड्यातही मिळेल.

वासही पातळीनुसार वाढतात. नॉव्हिसला फक्त बर्च या झाडाच्या तेलाचा. अ‍ॅडव्हान्स्डला त्यात बडीशेपेसारख्या वासाचा अनिस येतो, एक्सलंटला लवंग, मास्टरला सायप्रस नावाच्या झाडाचा वास. हाइडची संख्याही बदलते: नॉव्हिसला एकच असतो आणि तो एकच आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, मास्टरला किती आहेत ते सांगतच नाहीत. तिथे "आता इथे काही उरलेलं नाही" हे ठरवून तुम्हालाच "फिनिश" म्हणावं लागतं. मास्टरची खरी परीक्षा मालकाची असते असं माझं मत आहे. कुत्र्याला केव्हाच कळलेलं असतं.

हँडलर डिस्क्रिमिनेशन हा वेगळा विभाग. त्यात तेल नसतं, तुमच्या अंगाचा वास लागलेला सुती हातमोजा किंवा पायमोजा कुत्र्याने ओळखायचा. त्याचं टायटलही वेगळं, नॉव्हिसला एसएचडीएन. ते एसडब्ल्यूएनच्या चार घटकांत मोजलं जात नाही. मास्टरच्याही पुढे डिटेक्टिव्ह नावाचा वर्ग आहे, पण त्याची चिंता आत्ता करू नका. एखाद्या पातळीचं टायटल झाल्यावर तिथेच आणखी क्यू जमवून एलिट टायटलही घेता येतं. कुत्र्याला पुढच्या पातळीचं दडपण झेपत नसेल तर तो मार्ग चांगला.

नॉव्हिसमध्ये ए आणि बी असे दोन गट दिसतील. ढोबळमानाने, तुम्ही आणि कुत्रा दोघंही या खेळात कोरे असाल तर ए, तुम्ही आधी दुसऱ्या कुत्र्याला टायटल मिळवून दिलं असेल तर बी. वास, वेळ, नियम दोन्हीकडे सारखेच.

आणि ती दुसरी संस्था: नॅशनल असोसिएशन ऑफ केनाइन सेंट वर्क, एनएसीएसडब्ल्यू. वर नाव आलेल्या त्या तिघांचीच. तिथे आधी ओआरटी नावाची वास ओळखण्याची चाचणी द्यावी लागते: बारा खोकी, तीन मिनिटं, एक अलर्ट. बर्चची ओआरटी झाल्याशिवाय पहिल्या पातळीच्या, म्हणजे एनडब्ल्यू-१ च्या, स्पर्धेला उतरता येत नाही. त्या स्पर्धेत कंटेनर, इंटीरियर, एक्स्टीरियर आणि वाहनं अशा चार शोधफेऱ्या असतात आणि चारही एकाच दिवशी पास व्हाव्या लागतात. आपल्या विद्यापीठी भाषेत सांगायचं तर एकेसीत एकेक विषय सोडवत जाता येतं, एनएसीएसडब्ल्यूला एटीकेटी नाही. तिथल्या टायटलला म्हणूनच वेगळा मान आहे. पण घाबरणाऱ्या माणसाने, कुत्र्याने म्हणत नाही, सुरुवात एकेसीपासून करावी असं माझं मत.

३. तेलं आणि साहित्य

लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत:

- बर्चचं शुद्ध तेल. सुरुवातीला एवढंच. "सेंट वर्कसाठी" म्हणून विकलं जाणारं घ्या, सुगंधाच्या दुकानातलं मिश्रण नको.
- कापसाच्या काड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या, चिमटा, वापरून फेकायचे हातमोजे.
- भोकं पाडलेल्या छोट्या पत्र्याच्या डब्या, शक्यतो चुंबकाच्या.
- एकाच मापाची पुठ्ठ्याची खोकी, डझनभर.
- हार्नेस आणि लांब दोरी. काटेरी किंवा विजेचा धक्का देणारा पट्टा स्पर्धेच्या आवारात चालत नाही.
- भुगा न होणारा खाऊ.

काड्यांना तेल लावायचं काम घराबाहेर, हातमोजे घालून करा आणि लगेच हात धुवा. तेलाचा हात खोक्यांना लागला की सगळीच खोकी "वासाची" होतात, आणि मग कुत्रा चुकतोय की आपण, हे कळत नाही. ही तेलं पोटात गेली तर कुत्र्याला घातक असतात, म्हणून काडी नेहमी डबीत बंद, उघडी कधीच नाही.

आपल्या घरांसाठी खास सूचना. ज्या वासांवर कुत्र्याला बक्षीस मिळणार, त्यातले दोन आपल्या मसाल्याच्या डब्यात आहेत. लवंग तर आहेच. अनिसचा वास मुख्यतः अ‍ॅनेथोल या द्रव्याचा, आणि तेच बडीशेपेत आणि चक्रीफुलात असतं. ज्या दिवशी घरात गोडा मसाला भाजला त्या दिवशी स्वयंपाकघराशेजारी सराव ठेवू नका, आणि तेलाच्या बरण्या फडताळात मसाल्यांजवळ तर मुळीच नकोत. बर्चचं आणखी गमतीचं. त्यातलं मुख्य द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे सांधेदुखीच्या कित्येक मलमांमध्ये असतं तेच. भारतातून आलेल्या आजीने गुडघ्याला मलम चोळलं आणि कुत्रा त्या गुडघ्याशी जाऊन ठाम बसला, तर तो चुकलेला नाही. स्पर्धेच्या सकाळी तुमची पाठ धरली तर गोळी घ्या, मलम नको.

४. सराव

यावर स्वतंत्र लेख होईल, म्हणून दोनच गोष्टी. पहिली: कुत्र्याला "बस" किंवा "पंजा मार" असा ठरावीक इशारा शिकवायलाच हवा असं नाही. नियम इशारा कोणता ते सांगत नाही, फक्त तुम्हाला तो वाचता आला पाहिजे. शेपटीचा वेग बदलतो, डोकं झटकन मागे वळतं, श्वासाचा आवाज बदलतो. फोनवर चित्रीकरण करून पाहा, प्रत्यक्षात निसटलेलं त्यात दिसतं.

दुसरी: हाइड कुठे आहे हे तुम्हाला माहीत नसताना सराव करा. घरातल्या दुसऱ्या माणसाला लपवायला सांगा. स्वतः लपवलेल्या जागी आपण नकळत पाय थबकवतो, आणि कुत्रे फार हुशार, ते नाकाऐवजी आपले पाय वाचायला लागतात. अशा कुत्र्यांची घरी कमाल असते आणि स्पर्धेत दांडी उडते.

लांब कुठे जाण्याआधी हात आजमावायचा असेल तर एकेसीची व्हर्च्युअल सेंट वर्क टेस्टही आहे. घरी व्हिडिओ करून पाठवायचा. तिची टायटलं स्वतंत्र असतात, वर सांगितलेल्या क्यूंमध्ये ती धरत नाहीत.

५. प्रवेशिका

एकेसीच्या संकेतस्थळावर इव्हेंट शोधायची सोय आहे, तिथे सेंट वर्क निवडून आपलं राज्य टाका. प्रत्येक स्पर्धेची प्रीमियम लिस्ट, म्हणजे माहितीपत्रक, निघते. ती अथपासून इतिपर्यंत वाचा. बघायच्या गोष्टी:

- कुठल्या दिवशी कोणता घटक, कोणती पातळी. एकाच दिवशी दोन स्पर्धाही असू शकतात, म्हणजे एका घटकात दोन क्यूंची संधी.
- प्रवेश कधी उघडतो आणि कधी बंद होतो.
- प्रवेश आधी येईल त्याला, की सोडत काढून. लोकप्रिय ठिकाणी जागा भराभर संपतात. सोडत असेल तर पहाटे उठून अर्ज भरण्यात काही हशील नाही.
- माजावर आलेल्या कुत्रीला प्रवेश आहे का, असल्यास कधी.
- पैसे परत मिळण्याचे नियम. शुल्क दर वर्गामागे असतं. चार वर्ग, दोन दिवस असं भरत गेलं की आकडा चांगलाच फुगतो.

प्रवेशिकेवर नोंदणी क्रमांक, नोंदणीकृत नाव, जन्मतारीख आणि मालकाचं नाव एकेसीच्या कागदावर आहे तस्संच लिहा. आपल्याकडे नावाचा क्रम, वडिलांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग यांत घोळ असतो. क्रमांकात एक आकडा चुकला तर मिळालेला क्यू तुमच्या कुत्र्याच्या नावावर चढत नाही. रेबीज लशीचं प्रमाणपत्र फोनमध्येही ठेवा आणि छापूनही न्या.

६. स्पर्धेचा दिवस

दिवसातला बहुतेक वेळ गाडीत आणि पार्किंगमध्ये जातो. कुत्रा गाडीत क्रेटमध्ये, तुम्ही घडीच्या खुर्चीवर. उन्हाळ्यात गाडीला सावलीचं कापड, पंखा, भरपूर पाणी. चहाचा थर्मास आणि थालीपीठ माणसांसाठी. इथल्या कॉफीवर दिवस निघत नाही.

सुरुवातीला परीक्षक माहिती देतात: शोधाची हद्द, सुरुवातीची रेषा, वेळ, कुत्रा दोरीवर की मोकळा. उरलेल्या वेळेची सूचना मिळणार का, हे तिथेच विचारून घ्या. तुमची फेरी व्हायची असेल तर त्या वर्गात इतरांची फेरी बघता येत नाही, आणि बाहेर आलेल्याने आत काय होतं ते सांगायचं नसतं. आपल्याकडे पेपर सुटला की "काय आलं होतं रे?" विचारायची सवय असते, ती इथे घरी ठेवा.

आत जाण्याआधी कुत्र्याला शी-शू करवून आणा, ठरवून दिलेल्या जागीच. शोधक्षेत्रात त्याने पाय वर केला की फेरी तिथेच संपते. ओल्या गवतावरच्या एक्स्टीरियरला नर कुत्र्यांचे क्यू असेच जातात.

चुकीच्या जागी "अलर्ट" म्हटलंत की परीक्षक "नो" म्हणतात आणि क्यू गेला. नवशिक्यांचं सर्वांत जास्त नुकसान या एका शब्दाने होतं. घड्याळ चालू असतं, कुत्रा एका खोक्यावर जरा रेंगाळतो, आणि तोंडातून निघून जातं. दोन मिनिटं बाहेरून वाटतात त्यापेक्षा पुष्कळ मोठी असतात. कुत्रा दुसऱ्यांदा त्याच जागी परत येतो का बघा. वाऱ्याने वास भिंतीच्या कोपऱ्यात साचतो, वातानुकूलनाच्या झोताने खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातो, तेव्हा पहिल्या हुंगण्याला फसू नका. तुम्ही मात्र चालत राहा. तुम्ही थांबलात की कुत्राही थांबतो आणि तुमच्याकडे बघतो.

छोट्या चुकांना फॉल्ट म्हणतात, उदाहरणार्थ शोधक्षेत्रात खाऊ सांडणं. नॉव्हिसला थोडी सूट असते, वर जाल तशी ती आटते. बक्षीस म्हणून पोळीचा तुकडा किंवा बिस्किट नको, चुरा पडतो.

एका घटकात क्यू हुकला तरी त्या दिवशीच्या पुढच्या घटकाला त्याचा काही धक्का लागत नाही. गाडीत बसून तोंड पाडलंत तर ते मात्र कुत्र्याला कळतं.

हिरवी रिबन म्हणजे क्यू, आणि तुम्हाला तीच हवी आहे. निळी, लाल, पिवळी, पांढरी या पहिल्या चार क्रमांकांच्या. त्या फॉल्ट आणि वेळेवर ठरतात. छान दिसतात, टायटलच्या हिशोबात धरत नाहीत.

७. निकालानंतर

तिसरा क्यू शनिवारी मिळाला आणि रविवारीही त्याच घटकात नॉव्हिस भरलेलं असेल, तर सचिवांकडे मूव्ह-अप मागता येतो, म्हणजे रविवारी थेट अ‍ॅडव्हान्स्ड. तो द्यायचा की नाही हे जागा आणि क्लबच्या नियमांवर असतं, आणि विनंती ठरलेल्या वेळेआधी लेखी द्यावी लागते. पण अनिसची ओळख झालेली नसेल तर मोहात पडू नका. अ‍ॅडव्हान्स्डला अनिस समोर येऊ शकतो, आणि न शिकलेल्या वासाशेजारून कुत्रा सरळ निघून जाईल.

टायटलसाठी वेगळा अर्ज नाही. क्लब निकाल एकेसीला पाठवतो, तीन क्यू मोजले जातात, प्रमाणपत्र मिळतं. तरी स्वतःची वही ठेवा: तारीख, क्लब, परीक्षकांचं नाव, घटक, पातळी, वेळ. काही आठवड्यांनी एकेसीच्या खात्यात कुत्र्याची नोंद उघडून वहीशी ताडून बघा. एखादा क्यू दिसत नसेल तर आधी त्या स्पर्धेच्या सचिवांना ईमेल करा, सोबत त्या दिवशीच्या निकालपत्राचा फोटो आणि नोंदणी क्रमांक जोडा. बहुतेक वेळा क्रमांकाचा आकडाच चुकलेला असतो, आणि तो तिथल्या तिथे दुरुस्त होतो.